हिरव्या पट्टीचं खोकं

१

वाचायचं ते डावीकडे, फोडायचं ते उजवीकडे. भावाबहिणीचा अख्खा धंदा एवढ्यावर उभा होता आणि सतरा वर्षं नीट उभा होता.

दुकान म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं यायची, मागच्या खोलीत काम चालायचं. गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एकांची डिस्क मेलेली असायची आणि तिच्या पोटातलं त्यांना परत हवं असायचं: लग्नाचे फोटो, अर्धवट लिहिलेला प्रबंध, गेलेल्या आईचा आवाज. दुसऱ्यांची डिस्क धडधाकट असायची आणि तिच्या पोटातलं त्यांना मेलेलं हवं असायचं. पहिलं काम धाकटीचं, दुसरं दादाचं. ती वाचायची, तो फोडायचा.

फोडण्याची रीत ठरलेली होती. टेबलावरचा कॅमेरा चालू करायचा. वस्तू त्याच्यासमोर धरायची, तिच्यावर छापलेला नंबर मोठ्याने वाचायचा, मग ती ऐरणीवर ठेवून दोन किलोच्या हातोड्याने तिचा निकाल लावायचा. डिस्कच्या आतल्या चकत्या काचेच्या असल्या तर एका घावात चुरा व्हायचा. धातूच्या असल्या तर आधी वाकायच्या, मग फाटायच्या, आणि फाटताना अशा कोकलायच्या की भिंतीपलीकडचा चष्मेवाला त्याच्या बाजूने थापा मारायचा. ते चित्रण गिऱ्हाइकाला पुरावा म्हणून द्यायचं. कॅमेरा बंद असेल तर दादा हातोड्याला हात लावायचा नाही. आणि फोडायला आलेलं कुणीही उघडून बघायचं नाही, हा त्याचा दुसरा नियम. "पोस्टमन पत्रं वाचायला लागला तर पेटीत टाकणार कोण?" असं तो म्हणायचा.

तिसरा नियम घरचा होता आणि तो गमतीत सांगितला जायचा: धाकटीच्या हातात हातोडा द्यायचा नाही. दादाच्या भुवईवर तीन टाक्यांची खूण होती, ती धाकटीने नवव्या वर्षी फेकलेल्या कंपासपेटीची. पाहुण्यांना ती खूण दाखवून तो हसायचा. त्याच्या उजव्या कानाबद्दल मात्र घरात कुणी बोलत नसे. त्या कानावर धाकटीने पंधराव्या वर्षी जेवणाचा स्टीलचा डबा हाणला होता, एकदा नाही, तीनदा. तेव्हापासून तो कान गेला. धाकटीला त्या दिवशीचं भांडण आठवत नव्हतं. डबा हातात किती छान बसला होता, एवढंच आठवत होतं, आणि त्याची तिला आजही लाज वाटायची.

२

मंगळवारी सकाळी तिच्या टेबलाजवळ एक खोकं होतं. वर दादाची सही, आणि सहीवरून ओढलेली हिरवी चिकटपट्टी. हिरवी म्हणजे वाचायचं, लाल म्हणजे फोडायचं. तिने पट्टी कापली.

आत पाच वस्तू होत्या: एक फ्लॉपी, एक बॅकअपच्या टेपची जाडजूड कॅसेट, एक सीडी, एक पेनड्राइव्ह आणि तळाशी एक हार्ड डिस्क. एका माणसाची पंचवीस-तीस वर्षं एका खोक्यात मावलेली. धाकटीला असली खोकी आवडायची. जुन्यापासून नव्याकडे जायचं, ही तिची पद्धत होती. जुनी वस्तू कधी दम तोडेल सांगता येत नाही, पहिलं वाचन हेच शेवटचं ठरायचं.

फ्लॉपीवरचा कागद पिवळा पडून सुटत आला होता. सरकतं झाकण गंजलं होतं. यंत्राने दोनदा कण्हून ती घेतली. तिच्यावर एकच फाइल होती, एक काळंपांढरं चित्र. फ्लॉपीवर मावेल एवढंच, त्यामुळे दाणेदार आणि धुरकट. एक टेबल, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात वस्तू आवळून धरायची पकड, मध्ये ऐरण. ऐरणीशी पाठमोरा माणूस.

"तुझ्यासारखंच कुणीतरी आहे बघ," असं ती दादाला म्हणणार होती, पण तो पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होता. पकड आणि ऐरण तर कुठल्याही कारखान्यात असतात. तिने चहा संपवला आणि टेपची कॅसेट घेतली.

३

टेप वाचणारं यंत्र शहरात आता तिच्याकडेच उरलं होतं. कॅसेट आत गेली, फीत सरसरली, आणि बऱ्याच खटपटीनंतर चाळीस सेकंदांचा आवाज निघाला.

आधी नुसती घरघर. मग एक माणूस नंबर वाचू लागला. सावकाश, एकेक आकडा सुटा करून. "सात. पूज्य. चार. चार. पूज्य. नऊ..."

धाकटीचा हात कपाळाशी गेला. शून्याला पूज्य म्हणणारी माणसं आता फार उरली नाहीत. त्यांचे वडील म्हणायचे आणि त्यांच्यामुळे दादा म्हणतो. पण पंचवीस वर्षांपूर्वी पुष्कळ लोक म्हणत असतील, त्यात काय एवढं? आवाजही दादाचाच वाटला. फितीवर सगळेच आवाज असे नाकात बोलतात, तिने स्वतःला समजावलं. सवयीने तिने तो नंबर कागदावर उतरवून घेतला.

मग खोक्यातून सीडी काढताना खालची हार्ड डिस्क जरा फिरली आणि तिच्यावरचा कागद वर आला. सात, पूज्य, चार, चार, पूज्य, नऊ. पुढचे सहा आकडेही तेच. डिस्क कारखान्यातून निघाल्याची तारीख त्याच कागदावर होती. तिला दोन वर्षंही झाली नव्हती.

ती उठली, नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन बसली. कुणीतरी नवा आवाज जुन्या टेपवर भरला असेल, हे तिने कबूल केलं. तसं करता येतं.

४

सीडीवर अर्ध्या मिनिटाचं चलचित्र होतं. रंगीत, पण मुकं.

तेच टेबल. आता ते नीट दिसत होतं. पकडीच्या दांड्याला गुंडाळलेली चिंधी दिसत होती. ऐरणीशी निळा ॲप्रन घातलेला माणूस होता. त्याने मान तिरकी करून उजव्या कानात करंगळी घातली आणि हलवली. ॲप्रनच्या बंदाखाली कमरेशी एक भोक होतं, कडेने काळं पडलेलं.

धाकटीने मान वळवली. दादाचा ॲप्रन खुंटीला टांगलेला होता. परवा सोल्डरिंगची तापलेली सळई टेकून तो जळला होता, नेमका तिथेच. "नशीब कातडी वाचली," असं म्हणून तो हसला होता. खोकं गेल्या आठवड्यात आलं होतं आणि पट्टी तिने स्वतः आज कापली होती.

पुन्हा चित्र लावलं. या वेळी तिने माणसाकडे बघितलं नाही, बाकीचं बघितलं. टेबलाच्या टोकाला स्टँडवर कॅमेरा होता आणि त्याची वायर सुटून खाली लोंबत होती. तिने खऱ्या टेबलाकडे बघितलं. तिथे कॅमेऱ्याचा हिरवा दिवा पेटलेला होता, वायर जागच्या जागी होती. तेवढ्यावर तिचा जीव भांड्यात पडला. ही खोली ती नव्हती.

मग तिच्या लक्षात आलं. कॅमेरा जर चित्रात आहे, तर हे चित्र काढलं कशाने? उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून ते घेतलेलं होतं, आणि तो माणूस फार उंच नव्हता.

५

"दादा, इकडे ये. हे बघ जरा."

दादा दारात आला आणि खोकं बघून थबकला. त्याचा चेहरा उतरला.

"हे का उघडलंस? हे फोडायचं होतं."

"हिरवी पट्टी होती की."

"लाल संपली होती. आणायला कोण जाणार म्हणून हिरवी लावली. खाली लिहिलंय बघ, फोडणे." त्याने खोकं उलटं केलं. तळाला खरोखरच लिहिलेलं होतं. "तळ कोण बघतं, हे मला कळायला हवं होतं. माझीच चूक. पण तू काही बघितलंस का?"

"बघितलं, आणि तूही बघ. तू आहेस यात. आपली खोली आहे."

दादाने पडद्याकडे पाठ केली. अगदी मुद्दाम, लहान मूल औषधापासून तोंड फिरवतं तशी.

"मी त्या बाईंना शब्द दिलाय. शिवणकाम करतात त्या. भाऊ गेला त्यांचा, त्याचं सामान आहे हे. म्हणाल्या, कुणी बघू नका, नुसतं फोडा. मी विचारलं, आजारी होते का? तर नाही म्हणाल्या. मग मला विचारलं, तुम्ही एकटेच काम करता का? मी म्हटलं, नाही, धाकटी बहीण आहे बरोबर. तर उचललं की खोकं आणि निघाल्या."

"मग?"

"दारात उभ्या राहिल्या कितीतरी वेळ. शेवटी परत आणून ठेवलं. म्हणाल्या, कंटाळा आला हो आता हे सांभाळायचा." दादाने खांदे उडवले. "असतात एकेक माणसं."

"दादा, एकदा बघ. तुझ्या पाया पडते."

"नाही म्हणजे नाही."

"अरे, एक मिनिट मान वळवायची फक्त!"

"ओरडू नकोस, धाकटे. एक कान आहे अजून मला."

तो हे सहज बोलला. पण धाकटीच्या पोटातून काहीतरी उठलं आणि कोपरापर्यंत आलं. जुनं, ओळखीचं. तिने दोन्ही हात खुर्चीवर ठेवले आणि त्यांच्यावर बसली.

"लाल पट्टी घेऊन येतो," दादा म्हणाला. "आल्यावर लगेच फोडून टाकू. कटकट नको."

६

तो गेल्यावर तिने पेनड्राइव्ह लावला. लावायला नको होता, हे तिलाही कळत होतं. पण हे सगळं अजून घडायचं असेल, तर खोलीत दादाचं काय होणार आहे, हे समजल्याशिवाय ते टाळणार कसं?

आता चित्रही होतं आणि आवाजही. बघणारा दोन पावलं पुढे आलेला होता. दादा हार्ड डिस्क ऐरणीवर धरून नंबर वाचत होता. सात. पूज्य. चित्राच्या खालच्या कडेतून एक हात वर आला. हातात हातोडा होता. मनगटावर तीळ, अंगठ्याला गुंडाळलेली औषधाची चिकटपट्टी.

पहिला घाव डिस्कवर पडला. डिस्क फुटली. दादा वळून हसला, भुवईवरची खूण ताणली गेली. त्याने तुकडे गोळा करायला पंजा टेबलावर पसरला. हातोडा पुन्हा वर गेला. दुसरा घाव पंज्यावर बसला आणि हाडांचा जो आवाज आला, तो ऐकताच धाकटीने चित्र थांबवलं.

पडद्याच्या खाली उरलेला वेळ दिसत होता. चार मिनिटं.

तिने आपलं मनगट बघितलं. तीळ होता. अंगठा बघितला. अंगठ्याला काही नव्हतं. पट्टी नाही तर हात माझा नाही, असं ती मोठ्याने म्हणाली. खोलीत ते खूप पोकळ ऐकू आलं.

मग ती भराभर कामाला लागली. हातोडा फडक्यात धरून उचलला आणि आपल्या टेबलाच्या खणात, फायलींच्या खाली दडवला. हे सगळं दादाच्या हाती लागायच्या आत संपवायचं, असं तिने ठरवलं आणि सर्वांत आधी हाताशी होती ती सीडी दोन्ही हातांनी वाकवली. सीडी वाकत जाते, वाकत जाते आणि एकदम काडकन जाते, हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी ती विसरली. दोन धारदार तुकडे झाले आणि त्यातला एक तिच्या अंगठ्यात घुसला.

७

दादा आला तेव्हा ती नळाखाली अंगठा धरून उभी होती. वाटीभर तरी रक्त वाहून गेलं असेल.

"काय केलंस हे? इकडे दे." त्याने तिचा हात ओढून घेतला. रागावून गेल्याचं तो विसरूनही गेला होता. "हाताने कुणी सीडी मोडतं का? सतरा वर्षं काय केलंस इथे?"

"पट्टी नको, दादा."

"नको कशी? हाड दिसायचं बाकी राहिलंय."

"नको म्हणते ना. नुसतं फडकं बांध."

त्याने ऐकलं नाही. ती आता त्याच्या उजव्या बाजूला, गेलेल्या कानाकडे उभी होती. खिशातून त्याने औषधाची चिकटपट्टी काढली आणि तीन वेढे घातले. लहानपणी तिच्या गुडघ्याला घालायचा तसे, दर वेढ्याला फुंकर मारत. तिने नखाने पट्टी उचकटली. पांढऱ्या फरशीवर थेंब पडले. त्याने दुसरी लावली, या वेळी आणखी घट्ट.

"आता काढलीस तर कानाखाली देईन," तो म्हणाला आणि आपल्याच बोलण्याला हसला.

धाकटी रडू लागली. या माणसावर आपलं इतकं प्रेम आहे, हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि आताही दाखवलं नाही.

८

दादाने जळका ॲप्रन चढवला. डिस्क ऐरणीवर ठेवली.

कॅमेरा नाही तर फोडणं नाही. नियम आठवताच धाकटी पुढे धावली आणि कॅमेऱ्याची वायर उपटून काढली. हिरवा दिवा विझला. तिने समाधानाने श्वास सोडला आणि मग तिला ती वायर दिसली. टेबलाच्या टोकावरून खाली लोंबत होती, अगदी सीडीवर होती तशी.

"हे काय नवीन?" दादा म्हणाला.

"आज नको फोडू. परत देऊ त्यांना. मी स्वतः जाऊन देते."

दादाने तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांकडे, लाल झालेल्या पट्टीकडे. त्याचा आवाज खाली आला. "बरं, परत देऊ. पण हातोडा कुठाय माझा? सकाळी इथे होता."

तो तिच्या टेबलाकडे वळला. खण थोडा उघडा राहिला होता. धाकटी त्याच्याआधी पोचली. हातोडा मागच्या दाराने अंगणात भिरकावून द्यायचा, बस, एवढंच तिच्या मनात होतं. तिने तो बाहेर काढला. दोन किलो असूनही तो हातात छान बसला.

मागच्या दाराची वाट ऐरणीवरूनच जात होती.

दादा आधी दचकला, मग त्याला हसू आलं. "बघा. सतरा वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवला आणि शेवटी घेतलासच." तो ऐरणीशी गेला आणि डिस्क पंज्याने दाबून धरली. "असं कर, तूच फोड. मनात काय साचलंय ते निघून जाईल. कॅमेरा मरू दे, बाईंची मी क्षमा मागेन. मी धरतो, मार तू. माझा भरवसा आहे तुझ्यावर."

हा भरवसा त्याने आजवर कधी बोलून दाखवला नव्हता.

"दादा, हात काढ."

पण तो तिच्याकडे पाठ करून नंबर वाचू लागला होता, सवयीने, कुणासाठी नाही. "सात. पूज्य. चार." मध्येच थांबून त्याने उजव्या कानात करंगळी घातली.

"हात काढ, दादा. बाजूला हो."

"चार. पूज्य. नऊ."

ती त्याच कानाच्या बाजूला होती. ती ओरडली असती तर त्याला ऐकू गेलं असतं. पण तिच्या मनात आलं, पहिल्या घावात तर कुणालाच काही झालं नव्हतं. पहिला घाव फक्त डिस्कवर होता. एकच मारायचा, डिस्क मेली की सगळंच मेलं, आणि हातोडा टाकून द्यायचा. तिने वाट बघितली. नंबर संपला आणि दादाने पंजा उचलला.

तिने मारला.

काचेच्या चकत्या होत्या. पत्र्याचं कवच आत दबलं आणि त्याखाली त्यांचा चुरा झाल्याचं तिला दांड्यातून, मनगटातून, पार खांद्यापर्यंत कळलं. फोडताना इतकं बरं वाटतं, हे दादाने कधीच सांगितलं नव्हतं. सतरा वर्षं तो रोज हे सुख एकटाच घेत होता.

"शाब्बास," दादा वळून हसत म्हणाला. भुवईवरची खूण ताणली गेली. "झालं बरं? आण इकडे तो."

ठेव, असं तिने आपल्या हाताला सांगितलं. पुन्हा सांगितलं. बोटं उघडली नाहीत.

दादाने तुकडे गोळा करायला टेबलावर पंजा पसरला. त्याची नखं छोटी कापलेली होती, मधल्या बोटावर सोल्डरिंगचा जुना डाग होता. धाकटीला ते सगळं फार स्पष्ट दिसत होतं, हातोडा वर जाताना, वर थांबताना आणि खाली येताना.

त्याची किंकाळी तिला जरा उशिरा ऐकू आली. "धाकटे," असं काहीतरी तो म्हणत होता. भिंतीपलीकडून चष्मेवाल्याने नेहमीसारख्या दोन थापा मारल्या, आणि कामच चाललंय असं समजून तो गप्प बसला.

यापुढचं तिने बघितलेलं नव्हतं. चार मिनिटं उरली होती, आणि दादा अजून उभा होता.